हुकूम क्रमांक १३६ आणि १३७

२४ ऑक्टोबर १८७० रोजी फ्रान्सचं सरकार दोन शहरांत वाटलेलं होतं. बहुतेक मंत्री प्रशियन सैन्याच्या वेढ्यात अडकलेल्या पॅरिसमध्ये होते आणि थोडे लोआर नदीकाठच्या तूरमध्ये. सम्राट तिसरा नेपोलियन सेदाँच्या लढाईत कैद झाला, त्याला सात आठवडे उलटले होते. मेट्झमध्ये कोंडलेलं मार्शल बाझेनचं सैन्य आणखी तीन दिवसांनी शरण जायचं होतं. असा देश हातातून निसटत असताना तूरमधल्या सरकारनं एका दिवसात उत्तर आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतीसाठी, अल्जीरियासाठी, हुकमांची मालिकाच काढली. त्यांतल्या १३६ क्रमांकाच्या हुकमानं अल्जीरियातल्या सुमारे ३५ हजार स्थानिक ज्यूंना फ्रेंच नागरिक करून टाकलं. लग्न, घटस्फोट, वारसा या बाबतींत यापुढे त्यांना फ्रेंच कायदा लागू होईल, असंही त्यात लिहिलं होतं. सही करणारे चौघे होते, पण हा हुकूम इतिहासात ओळखला जातो तो त्यांतल्या एकाच्या नावानं. तो म्हणजे न्यायमंत्री अदोल्फ क्रेम्यू. वय ७४, पेशानं वकील, धर्मानं ज्यू.

या हुकमावरून गेली दीडशे वर्षं भांडण चालू आहे. म्हाताऱ्या मंत्र्यानं देश संकटात असताना आपल्या जातभाईंचं भलं साधून घेतलं, असं फ्रेंच उजवे म्हणत आले. उदारमतवाद्यांच्या लेखी हा १७८९ च्या क्रांतीचा उशिरा पोचलेला हप्ता. वसाहतवादाचे टीकाकार यात ‘फोडा आणि झोडा’ पाहतात. तिन्ही पक्ष १३६ वरच खिळून राहतात. माझ्या मते क्रेम्यूवरचा खरा आरोप १३६ मध्ये सापडतच नाही. तो सापडतो त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच लेखणीनं सही झालेल्या १३७ मध्ये. त्या हुकमात अल्जीरियातल्या मुसलमानांनी नागरिक व्हायचं असेल तर काय करावं हे सांगितलं होतं. एकेकट्यानं अर्ज करावा, आपला धार्मिक कौटुंबिक कायदा सोडावा, आणि सरकारच्या मर्जीची वाट पाहावी.

क्रेम्यूला हे कसं सुचलं, हे कळायला त्याची आधीची पन्नास वर्षं पाहावी लागतात. कारण अशा अटींविरुद्ध लढूनच तो मोठा झाला होता.

दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरात १७९६ साली त्याचा जन्म झाला. फ्रान्सनं ज्यूंना नागरिकत्व देऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. कागदावर समता आली होती, पण कोर्टात एक जुना रिवाज तसाच होता. ज्यू माणसाला दाव्यात शपथ घ्यायची असेल तर इतरांसारखा हात वर करून भागत नसे. त्यानं सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जायचं, रब्बीच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, देखत तोरा या धर्मग्रंथाच्या पोथीवर हात ठेवायचा आणि खोटं बोललो तर काय काय शाप लागोत ते म्हणून दाखवायचं. साधी शपथ ज्यूच्या मनाला बांधत नाही, असा त्यामागचा समज. आल्साससारख्या पूर्वेकडच्या भागात तर न्यायाधीश हा रिवाज मोठ्या हौसेनं पाळत.

क्रेम्यूनं याविरुद्ध उभारलेली लढाई संथ होती आणि चिवट. १८२७ मध्ये नीमच्या कोर्टात दोन ज्यू तरुणांच्या वतीनं त्यानं ही शपथ नाकारली आणि निकाल आपल्या बाजूनं मिळवला. पण एका कोर्टाचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नव्हता. १८३९ मध्ये साव्हर्नच्या कोर्टात लाझार इझिदोर नावाच्या तरुण रब्बीवर खटला होता. कारण काय, तर या शपथेसाठी सिनेगॉगचं दार उघडायला त्यानं नकार दिला होता. क्रेम्यू त्याच्या बाजूनं उभा राहिला आणि जिंकला. शेवटी १८४६ मध्ये देशाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं ही शपथ कायमची मोडीत काढली. नीमच्या निकालापासून एकोणीस वर्षं लागली. मधल्या काळात क्रेम्यूचा युक्तिवाद बदलला नाही. नागरिक हक्काच्या दारात उभा असताना राज्यानं त्याला त्याचा धर्म विचारू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

१८४० मध्ये दमास्कसमध्ये एक ख्रिस्ती साधू बेपत्ता झाला आणि ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्याचा खून केला असा गलिच्छ आरोप झाला. कबुलीजबाबासाठी लोकांचे हाल करण्यात आले, काहींचा त्यात जीव गेला. फ्रान्सचा तिथला कॉन्सल आरोप करणाऱ्यांच्या बाजूनं होता आणि पॅरिसमधलं सरकार कॉन्सलच्या पाठीशी. क्रेम्यू इंग्लंडच्या मोझेस माँतेफिओरेबरोबर थेट इजिप्तला गेला आणि तेव्हा दमास्कसही ज्याच्या ताब्यात होतं त्या तिथल्या शासकाकडून, मुहम्मद अलीकडून, उरलेल्या कैद्यांची सुटका करवून आणली. स्वतःच्या सरकारला न जुमानता परदेशात जाऊन असं काही करणारा वकील उद्या मंत्री झाला तर सोयीस्कर वागेल, असं मानायला मी सहजी तयार नाही.

खाजगी आयुष्यात मात्र त्याचा एक पेच होता. त्याच्या बायकोनं मुलांना बाप्तिस्मा दिला, तो प्रकार १८४५ मध्ये उघड झाला, आणि ज्यूंच्या मध्यवर्ती धर्मसंस्थेचं अध्यक्षपद त्याला सोडावं लागलं. ज्यूंचा कैवारी आणि घरी ख्रिस्ती मुलं! त्याला ‘जातीचा माणूस’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी हा तपशील क्वचितच सांगितला आहे.

फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीनं त्याला पहिल्यांदा न्यायमंत्री केलं. त्यानं पदावर काढलेले दिवस शंभराच्या आसपास, पण निर्णयांचा धडाका असा की पुढच्या पिढ्यांना त्यातलं अर्धं पुन्हा लढून मिळवावं लागलं. राजकीय गुन्ह्यांसाठी देहदंड रद्द झाला. गुन्हेगाराला भर चौकात उभं करून त्याची धिंड काढण्याची शिक्षा बंद झाली. कर्ज फेडता आलं नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकणं थांबलं. वसाहतींतली गुलामगिरी २७ एप्रिल १८४८ च्या हुकमानं संपली. त्याचा खरा कर्ता व्हिक्तोर शेल्शेर, पण हंगामी सरकारातले सगळेच त्याला जबाबदार होते. घटस्फोटाचा हक्क परत आणण्यासाठी क्रेम्यूनं मे महिन्यात नव्या विधानसभेपुढे विधेयकही मांडलं.

यांतलं काय टिकलं? देहदंडाची बंदी आणि गुलामगिरीचा अंत त्याच वर्षीच्या राज्यघटनेत गेले, म्हणून टिकले. कर्जापायीचा तुरुंग त्याच डिसेंबरात परत आला आणि नंतर १८६७ मध्ये गेला. घटस्फोटाचं विधेयक सभागृहातच मेलं. फ्रेंच बायकांना आणि पुरुषांना त्यासाठी १८८४ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे लोकनियुक्त सभागृहासमोर नेलेली सुधारणा मेली आणि हुकमानं केलेल्या सुधारणांपैकी बऱ्याच जगल्या. हुकूमशाहीचा वास येतो म्हणून हुकमावर नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

मेअखेरीला समाजवादी नेता लुई ब्लाँवर खटला भरायला सभागृहाची परवानगी मागितली गेली. क्रेम्यूच्याच खात्याच्या सरकारी वकिलांनी ती मागितली आणि तो स्वतः तिच्या विरुद्ध गेला. आधी त्यानं होकार दिला होता, असा आरोप भर सभागृहात झाला. त्याची चांगलीच शोभा झाली आणि त्यानं राजीनामा दिला. मग पुढे सम्राट तिसरा नेपोलियन झालेल्या लुई नेपोलियनवर त्यानं काही काळ विश्वास टाकला, आणि त्याच लुई नेपोलियनच्या १८५१ च्या सत्तापालटात तुरुंगात गेला. कायद्याच्या माणसांना मोठ्या नावांची भूल पडते, ती फक्त फ्रान्समध्ये नाही. साम्राज्याची वर्षं त्यानं वकिलीत आणि ज्यूंच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अध्यक्षपदात घालवली. १८६९ मध्ये पॅरिसनं त्याला परत निवडून दिलं, आणि ४ सप्टेंबर १८७० ला प्रजासत्ताकाबरोबर न्यायखातंही त्याच्याकडे परत आलं.

आता अल्जीरिया. फ्रान्सनं १८३० मध्ये अल्जिअर्स घेतलं. १८६५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या सिनेटनं ठरवलं की तिथले मुसलमान आणि ज्यू दोघेही ‘फ्रेंच’ आहेत, पण नागरिक नाहीत. नागरिक व्हायचं असेल तर अर्ज करावा आणि आपला धर्मावर आधारलेला कौटुंबिक कायदा सोडावा. पुढच्या पाच वर्षांत दीडशेच्या आसपास ज्यूंनी ते केलं, आणि मुसलमानांचा आकडाही शेकड्यांतच राहिला. एकट्यानं अर्ज करणं म्हणजे आपल्या समाजाच्या नजरेत धर्म सोडणं. ते धाडस रोजच्या जगण्यात फार थोड्यांना परवडतं.

ज्यूंना सरसकट नागरिक करावं, ही कल्पना क्रेम्यूच्या डोक्यातून अचानक निघालेली नव्हती. अल्जीरियातल्या ज्यू धर्मसंस्था अर्ज करत होत्या. युरोपियन वसाहतवाल्यांच्या ताब्यातल्या प्रांतिक परिषदांनी तशी शिफारस केली होती. आणि साम्राज्याचा शेवटचा उदारमतवादी न्यायमंत्री एमिल ऑलिव्हिए यानं १८७० च्या वसंतातच तसा मसुदा तयार करवून घेतला होता. ऑलिव्हिए ज्यू नव्हता. युद्ध सुरू झालं नसतं तर बहुधा हा हुकूम ‘ऑलिव्हिए हुकूम’ म्हणून ओळखला गेला असता आणि जातभाईंचं भलं करण्याची गोष्ट कुणी रचलीच नसती.

दुसरा आक्षेप घाईचा. संसद नाही, चर्चा नाही, चौघांच्या सह्या आणि झाला कायदा. आपल्याकडच्या वटहुकुमाला निदान एक बेडी असते. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप गळून पडतो. तूरच्या हुकमांना तशी बेडी नव्हती. त्यामुळे त्याच्या वैधतेवर पहिल्या दिवसापासून बोट ठेवता आलं, हे खरं. जुलै १८७१ मध्ये गृहमंत्री लांब्रेश्त यानं तो रद्द करण्याचं विधेयक आणलं. ते पुढे सरकलं नाही, पण ७ ऑक्टोबर १८७१ च्या नव्या हुकमानं ज्यू मतदारांवर आपलं घराणं १८३० पूर्वीपासून अल्जीरियातलं असल्याचं सिद्ध करण्याची सक्ती केली. तरीही मला हा आक्षेप अपुरा वाटतो. संसदेकडे गेलेल्या अशाच प्रस्तावाचं काय होतं ते १९३६ मध्ये दिसलं. पंतप्रधान लेआँ ब्लूम आणि त्याचा मंत्री मोरिस व्हिओलेत यांनी वीस-पंचवीस हजार सुशिक्षित मुसलमानांना धार्मिक कायदा न सोडता मताचा हक्क द्यायचं ठरवलं. अल्जीरियातल्या युरोपियन महापौरांनी सामूहिक राजीनाम्याच्या धमक्या दिल्या आणि ते विधेयक सभागृहात चर्चेलाही आलं नाही. ज्यांना मत नाही त्यांचा हक्क मत असलेल्यांनी बहुमतानं मंजूर करावा, ही अपेक्षा लोकशाहीच्या पोशाखात कितीही शोभून दिसली तरी वसाहतीत ती फसवणूकच होती.

तिसरा आक्षेप असा की या हुकमामुळे मुसलमान चिडले आणि १८७१ चं मोठं बंड पेटलं. वसाहतवाल्यांना हे कारण फार आवडायचं, कारण त्यात त्यांचा स्वतःचा काही दोष उरत नाही. मार्चमध्ये अल-मुक्रानी या स्थानिक सरदारानं बंड पुकारलं, त्याच्या मागे वेगळीच कारणं होती. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात आणि साथींत माणसं लाखोंनी मेली होती. आपल्या लोकांना बी-बियाणं मिळावं म्हणून मुक्रानीनं स्वतःच्या हमीवर कर्जं उचलली होती आणि नवं सरकार ती हमी उचलायला तयार नव्हतं. लष्करी अधिकाऱ्यांचा कारभार जाऊन जमिनीवर डोळा असलेल्या गोऱ्यांचा मुलकी कारभार येत होता. तोही त्याच २४ ऑक्टोबरच्या मालिकेतल्या दुसऱ्या हुकमांनी. घोडेस्वार सरदाराला भीती होती ती मतपेटीपाशी उभ्या असलेल्या ज्यू दुकानदाराची नव्हे. जमीन मोजायला येणाऱ्या गोऱ्याची होती. बंड मोडल्यावर नेमकं तेच झालं. साडेतीन कोटी फ्रँकहून जास्त दंड बसला आणि चार लाख हेक्टरांवर जमीन जप्त झाली.

म्हणजे १३६ वरचे तिन्ही नेहमीचे आक्षेप तपासले की क्रेम्यू बराचसा सुटतो. आता १३७.

कोर्टात शपथ घेताना ज्यूला धर्म विचारू नका, असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्या माणसानं मुसलमानाला नागरिकत्वाच्या दारातच धर्म सोडून यायला सांगितलं. त्याच्या बाजूनं एक चांगलं उत्तर देता येतं, आणि ते मी आधी देतो. फ्रेंच ज्यूंनीही १७९१ मध्ये हाच सौदा केला होता. व्यक्ती म्हणून सगळे हक्क घ्या, समाज म्हणून वेगळा कायदा मागू नका. रब्बींचे निवाडे गेले, फ्रेंच विवाहकायदा आला. क्रेम्यू त्या सौद्याचंच अपत्य. त्याच्या दृष्टीनं कौटुंबिक कायदा सोडणं म्हणजे धर्म सोडणं नव्हतंच. नागरिक होण्याची ती साधी पहिली पायरी होती. १३६ मध्ये अल्जीरियातल्या ज्यूंना न विचारता त्यानं तीच पायरी चढायला लावली. आतल्या भागातले काही रब्बी नाराज झाले, त्यांचंही ऐकलं नाही.

पण मग मुसलमानांना वेगळी वागणूक का? त्यांना सरसकट नागरिक करून त्यांचाही कायदा बदलला असता, तर निदान तर्क सुसंगत राहिला असता, राजकीय परिणाम कितीही भयंकर झाले असते तरी. आणि खरं कारण नेमकं त्या परिणामांत होतं. मुसलमान वीस लाखांहून जास्त, युरोपियन अडीच लाखांच्या आसपास. मतं मोजली तर वसाहत संपलीच. ज्यू पस्तीस हजार होते, त्यांनी फ्रेंच मतदारांची संख्या वाढत होती, बुडत नव्हती. याला तत्त्व म्हणत नाहीत, हा डोकेमोजणीचा हिशोब आहे. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. एकाच पंगतीत बसवायचं, एकाच्या पानात तूप वाढायचं आणि शेजारच्याला सांगायचं, ‘तू आधी घरी जाऊन जानवं काढून ये.’

त्या काळात दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं, असंही म्हणता येत नाही. १८४८ च्या ज्या हंगामी सरकारात क्रेम्यू स्वतः न्यायमंत्री होता, त्याच सरकारनं सेनेगलमधल्या आणि पाँडिचेरी, माहेसारख्या भारतातल्या फ्रेंच ठाण्यांतल्या रहिवाशांना मताचा हक्क दिला होता. पाच वर्षांचं वास्तव्य पुरे होतं, नागरिकत्वाचे कागद मागायचे नाहीत असं ठरलं होतं. पाँडिचेरीच्या हिंदूंनी आणि सेनेगलच्या मुसलमानांनी आपले लग्नाचे आणि वारशाचे रिवाज सोडले नाहीत. भारतातल्या फ्रेंच ठाण्यांचं प्रतिनिधित्व मधे बंद झालं, पण १८७१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, म्हणजे १३७ ची शाई वाळते न वाळते तोच. हे लोक ‘पूर्ण’ नागरिक की नुसते मतदार, यावर फ्रेंच न्यायालयांत पुढे बराच खल झाला. मतं मात्र ते देत राहिले. कौटुंबिक कायदा आणि मतपेटी एकत्र नांदू शकत नाहीत हा अल्जीरियात सिद्धांत होता आणि पाँडिचेरीत त्याच सरकारची रोजची वहिवाट त्याच्या उलट होती. फरक इतकाच की पाँडिचेरीत बळकावायला जमीन फारशी नव्हती आणि मतांच्या जोरावर हाकलून देता येतील असे गोरे वसाहतवाले नव्हते.

बावीस वर्षांपूर्वीचा स्वतःच्या सरकारचा निर्णय न्यायमंत्री विसरला असेल, हे मला पटत नाही. अल्जीरियाही त्याला नवा नव्हता, तो तिथे अनेकदा गेला होता. १८७२ मध्ये तर अल्जिअर्सनंच त्याला खासदार म्हणून निवडून दिलं. एका दमात वीस लाखांना मत द्या असं मी म्हणत नाही. तसं करणारं सरकार आठवडाभर टिकलं नसतं, आणि मुसलमानांना फ्रान्सचं मत हवं होतं का हेही कुणी विचारलेलं नव्हतं. पण १३७ मधली ती एक अट काढायला काय हरकत होती? अर्ज एकेकट्यानं करायचा ठेवला असता आणि कौटुंबिक कायदा सोडण्याची सक्ती काढली असती, तर नागरिक हळूहळू वाढले असते, कुणाची झोप उडाली नसती. अट राहिली, आणि १८६५ पासून १९१५ पर्यंतच्या पन्नास वर्षांत मिळून जेमतेम २,४०० मुसलमान नागरिक झाले. १८८१ मध्ये त्यांच्यावर ‘देशी लोकांचा’ वेगळा दंडकायदा आला. परवान्याशिवाय गाव सोडणं किंवा अधिकाऱ्याशी उद्धटपणे बोलणं हेसुद्धा त्यात शिक्षेचे गुन्हे ठरले.

या पंक्तिप्रपंचाची झळ मुसलमानांइतकीच ज्यूंनाही लागली, आणि इथे ‘फोडा आणि झोडा’वाले अर्धवट बरोबर ठरतात. शेजाऱ्याला न मिळालेला हक्क हातात असलेला माणूस कायम उघडा पडतो. गोरे वसाहतवाले आधी या हुकमाच्या बाजूचे होते. ज्यू मतं निवडणुकीचे निकाल फिरवू लागली तसे ते उलटले. १८९८ च्या जानेवारीत अल्जिअर्समध्ये ज्यूंची दुकानं फुटली, मेमध्ये त्या शहरानं पॅरिसचा कुप्रसिद्ध ज्यूद्वेष्टा एदुआर द्र्युमाँ याला खासदार केलं आणि वर्षअखेरीला माक्स रेजिस नावाच्या पंचविशीतल्या भडकाऊ पोराला महापौर. घोषणा एकच, क्रेम्यूचा हुकूम रद्द करा. गंमत अशी की १८८९ च्या कायद्यानं अल्जीरियात जन्मलेल्या स्पॅनिश, इटालियन आणि माल्टी मुलांना वयात आल्यावर आपोआप फ्रेंच केलं. त्यांची संख्या ज्यूंपेक्षा जास्त होती, आणि तो कायदा रद्द करा म्हणून कुणी दुकान फोडलं नाही. द्र्युमाँ आणि रेजिसच्या पाठीराख्यांत हे ताजे फ्रेंच भरपूर होते.

७ ऑक्टोबर १९४० ला हुकूम खरोखर रद्द झाला. नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारच्या गृहमंत्र्यानं, मार्सेल पेरुताँनं, लाखभर अल्जीरियन ज्यूंचं नागरिकत्व एका सहीत काढून घेतलं. त्यांत पहिल्या महायुद्धातून पदकं घेऊन परतलेले लोक होते. शाळांत ज्यू मुलांवर कोटा बसला. पुढे जगप्रसिद्ध तत्त्वज्ञ झालेला झाक देरिदा तेव्हा अल्जिअर्सजवळच्या शाळेत होता, त्यालाही वर्गाबाहेर काढलं. ज्यूंचं पद घसरलं म्हणून मुसलमानांचं इंचभरही वर चढलं नाही, आणि त्यांच्या पुढाऱ्यांपैकी अनेकांनी हे ओळखून आनंद साजरा करायला नकार दिला.

त्यानंतर जे झालं ते विशीपेक्षाही बोलकं आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्य अल्जीरियात उतरलं. मार्च १९४३ मध्ये तिथल्या फ्रेंच कारभाराचा प्रमुख जनरल जिरो यानं विशीचे ज्यूविरोधी कायदे रद्द केले आणि त्याच दमात क्रेम्यूचा हुकूमही पुन्हा रद्द केला. कारण दिलं समतेचं. या हुकमानं ज्यू आणि मुसलमान यांच्यात भेद निर्माण केला, म्हणून तो जायला हवा! भेद मिटवायचे दोन मार्ग होते. मुसलमानांना वर आणणं हा एक, आणि जिरोनं निवडला तो दुसरा. ज्यूंना आपलं नागरिकत्व परत मिळायला ऑक्टोबर उजाडला. जिरोचा हा डाव शक्य झाला तो १३७ मुळेच. त्या दिवशी दोघांना सारखं वागवलं असतं, निदान दार दोघांनाही सारखं उघडं ठेवलं असतं, तर समतेच्या नावावर हक्क काढून घेण्याची ही युक्ती लढवायला जागाच उरली नसती.

हुकमाच्या मनमानीचा आणखी एक नमुना सहारातला. ओॲसिसांचा मझाब प्रदेश फ्रान्सनं १८८२ मध्ये जोडून घेतला. हुकूम १८७० चा, प्रदेश नंतरचा, म्हणून तिथल्या गार्दायाच्या ज्यूंना तो लागू नाही असं सरकारनं ठरवलं. उत्तरेकडच्या आपल्या धर्मबांधवांहून वेगळे, मुसलमानांसारखेच ‘देशी’ म्हणून ते राहिले, ते थेट १९६१ च्या कायद्यापर्यंत. पुढच्याच वर्षी अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि जवळजवळ सगळे ज्यू फ्रान्सला निघून गेले.

क्रेम्यू १८८० मध्ये पॅरिसमध्ये वारला. त्याच्या चरित्रांत १३६ ला भरपूर जागा असते, कधी मुकुट म्हणून तर कधी कलंक म्हणून. १३७ बहुतेक तळटीपेत. त्याला कुणाचं नाव चिकटलं नाही, सह्या मात्र त्याच माणसांच्या. माझ्या मते त्याच्या न्यायमंत्रिपदाचं मोजमाप याच हुकमावर व्हायला हवं. आपल्या लोकांना हक्क मिळवून देणारे वकील बरेच असतात. तेच तत्त्व दुसऱ्याला लावायची वेळ आली, हातात पूर्ण अधिकार होता, संसदही अडवायला नव्हती, आणि क्रेम्यूनं साम्राज्याची १८६५ ची अट थोडी झाडून पुसून तशीच पुढे चालवली.

ती अट निघाली ७ मार्च १९४४ ला, १३७ वर सही झाल्यानंतर ७३ वर्षांनी. तीही हुकमानंच, द गॉलच्या. साठ-पासष्ट हजार मुसलमानांना आपला कौटुंबिक कायदा राखून नागरिक होता येईल, असं त्यात होतं. पण अल्जीरियन मुसलमानांचा पुढारी फेरहात अब्बास आणि त्याच्या सोबत्यांनी वर्षभर आधीच आपला जाहीरनामा काढून स्वतंत्र अल्जीरियन राज्याची मागणी पुढे केली होती. कधीकाळी याच अब्बासनं फ्रेंच नागरिकत्वासाठी जिवाचं रान केलं होतं. द गॉलचा हुकूम निघाल्यावर आठवड्याभरात, १४ मार्चला, त्यांनी सेतीफमध्ये त्या जाहीरनाम्यासाठी नवी संघटना उभी केली. तिथे लोक ज्या झुंडींनी सामील झाले त्यांत फ्रेंच नागरिकत्व मागणारा शोधूनही सापडला नसता.